दोन पुड्या

माझ्या टेबलाच्या सर्वांत खालच्या खणात आठ पानांची एक पुस्तिका आहे. पुस्तिका म्हणायचे ते केवळ सवयीने. सायक्लोस्टाइल केलेले दोन कागद मधोमध दुमडून त्यांना दोन टाचण्या मारल्या आहेत, इतकेच तिचे रूप. टाचण्या गंजल्या आहेत आणि त्यांचा तांबूस डाग प्रत्येक पानावर उतरला आहे. पहिल्या पानावर वाकड्यातिकड्या अक्षरांत 'कोरकू-मराठी शब्द' असे लिहिलेले आहे. त्याखाली महाविद्यालयाचे नाव, त्याखाली 'राष्ट्रीय सेवा योजना' ही अक्षरे, आणि सर्वांत शेवटी 'संकलन' या शब्दापुढे माझे नाव. ही माझ्या नावाने निघालेली पहिली छापील वस्तू. पुढे मी पुष्कळ लिहिले, अध्यापनात जन्म गेला; पण ही आठ पाने मी कधी कोणाला दाखवली नाहीत. कारण त्या शेवटच्या ओळीवर एका मुलाचे बोट फिरलेले आहे.

१९८७ च्या डिसेंबरात आमच्या महाविद्यालयाचे दहा दिवसांचे शिबिर मेळघाटात भरले होते. मी कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला होतो. विषय मराठी वाङ्मय, वय एकोणीस, आणि अंगात खादीचा नवा सदरा. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, सदतीस विद्यापीठांत सुरू झाली. 'मी नव्हे, तुम्ही' अशा अर्थाचे तिचे बोधवाक्य आहे. ते आमच्या फलकावर मोठ्या अक्षरांत रंगवलेले होते, आणि फलक रंगवणाराही मीच होतो. अमरावतीहून परतवाडा, परतवाड्याहून घाट चढून सेमाडोहच्या बाजूला एस.टी. निघाली, तेव्हा तो फलक मी मांडीवर आडवा धरून बसलो होतो. बाहेर सागाची पाने वाळून तांबडी पडली होती. या जंगलात वाघ आहेत, म्हणून १९७४ मध्ये ते व्याघ्र प्रकल्पात गेले, हे मला ठाऊक होते. या जंगलात राहणारी माणसे कोणती भाषा बोलतात, याचा मात्र मी विचारही केला नव्हता. महाराष्ट्रातील गाव, तेव्हा मराठीच बोलत असतील, असे मी धरून चाललो होतो.

गाव सिपना नदीच्या खोऱ्यात होते. समोरासमोर घरांच्या दोन सरळ रांगा आणि मधून रुंद, स्वच्छ सारवलेला रस्ता. ग्रामसफाईची अवजारे घेऊन आलेले आम्ही चाळीस जण त्या रस्त्याकडे पाहतच राहिलो. झाडण्यासारखे तेथे फारसे काही नव्हते. तरीही आम्ही झाडले. पहाटे प्रभातफेरी काढली, शोषखड्डे खणले, भिंतींवर गेरूने घोषणा लिहिल्या. रात्री अंधश्रद्धेवर एक पथनाट्य केले. लोक शेकोटीभोवती शांतपणे बसून होते. नाटक संपल्यावरही ते तसेच बसून राहिले, तेव्हा आम्ही त्याचा अर्थ 'प्रेक्षक अंतर्मुख झाले' असा लावला. शिबिराच्या रोजनिशीत ते वाक्य माझ्याच हस्ताक्षरात आहे.

तिसऱ्या दिवशी आमची तुकडी शाळेत गेली. एका खोलीत चार वर्ग आणि एकच शिक्षक. माणूस वाईट नव्हता. घरापासून दूर, एकटा, हाताने भाकऱ्या थापून राहत होता. आम्हा शहरी पोरांना पाहून त्याला बोलण्याची भूक लागल्यासारखे झाले. बोलता बोलता त्याने मागच्या रांगेतील एका मुलाकडे बोट दाखवले. "हा पाहा. तीन वर्सं झाले शाळेत. दहापर्यंत आकडे येत नाहीत याले. डोकंच नाही." मुलाने मान खाली घातली नाही. आपल्याविषयी काही बोलले जात आहे एवढेच त्याला समजले असावे. तो आमच्याकडे बघून मोकळेपणाने हसला.

तोच मुलगा मला संध्याकाळी नदीच्या उतारावर भेटला. गावाच्या कडेला राहणाऱ्या एका गवळ्याची वासरे तो शाळा सुटल्यावर राखत असे. त्या सोबतीने त्याला मोडकी हिंदी येत होती. वासरे एकेक करून अरुंद वाटेने वर येत होती आणि तो काठीने हवेत टिचकी मारत मोजत होता : मिया, बारी, आफई, उफुन, मोनोई, तुरुई, एई, इलार, आरेई, गेल. 'गेल' म्हटले की डाव्या हातातला एक खडा तो उजव्या हातात घेई आणि पुन्हा 'मिया'पासून सुरुवात करी. शेवटचे वासरू वर आले तेव्हा त्याच्या उजव्या हातात दोन खडे होते आणि तोंडात 'एई' होते. मी मागे उभा राहून मोजली होती. सत्तावीस वासरे. दोन दहा आणि सात.

दहापर्यंत आकडे न येणारा मुलगा दशमान पद्धतीने हिशेब करीत होता आणि त्याचा हिशेब चुकला नव्हता. शाळेत मात्र त्याला ज्या शब्दांत विचारले जात होते, ते शब्दच त्याच्या ओळखीचे नव्हते. मला गंमत वाटली. मी वही काढली आणि ते दहा शब्द लिहून घेतले. गंमत हाच शब्द खरा, कारण त्या घटकेला मला याहून अधिक काही वाटले नव्हते.

गंमत संपली ती पाचव्या रात्री. रांगेच्या टोकाला असलेल्या एका घरात वर्षभराचे मूल जुलाबाने मलूल झाले होते. आमच्यापैकी काहींना शिबिरापूर्वी जलसंजीवनीचे प्रशिक्षण मिळाले होते : एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, थोडे थोडे, पुन्हा पुन्हा पाजायचे. मी ते सर्व त्या आईला सावकाश, सोप्या मराठीत समजावून सांगितले. आमच्या भांडारातून कागदाच्या दोन पुड्या बांधून दिल्या, एकीत साखर आणि दुसरीत मीठ. चमचाही दिला. ती प्रत्येक वाक्याला मान हलवीत होती. "समजले ना?" असे मी विचारले, तेव्हाही तिने मान हलवली. बाहेर पडताना एका मुलाचे प्राण वाचवल्याचे समाधान मला वाटत होते, हे आज लिहिताना संकोच होतो. पण वाटत होते.

तासाभराने कंदील विसरला म्हणून मी परतलो. दारात तो वासरे राखणारा मुलगा बसला होता. ते त्याच्या नात्यातले घर असावे. आत चुलीच्या उजेडात ती बाई पाण्याच्या भांड्यात चमचा रिकामा करीत होती. मुलगा माझ्याकडे वळून म्हणाला, "भैया, वो तो नमक है." मी आत पाहिले. दोन्ही पुड्या सारख्याच कागदाच्या होत्या, दोन्हींतील पदार्थ पांढरा होता. मी 'सहा' म्हटले होते आणि बोटांनी सहा दाखवलेही होते. पण सहा कशाचे, हे ज्या शब्दात होते तो शब्द तिच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता. मिठाचे चार चमचे पाण्यात पडले होते. इतके खारे पाणी जुलाब झालेल्या तान्ह्या मुलाला पाजले तर काय होते, हे मला प्रशिक्षणात शिकवलेले होते.

मी भांडे हिसकावून घेतले. बाई घाबरली. तिला वाटले असावे की तिचे काहीतरी चुकले. मी पुन्हा बोलू लागलो, पूर्वीपेक्षा मोठ्याने, जणू आवाज वाढवल्याने भाषा समजते. मग त्या मुलाने माझ्या हातातून भांडे घेतले, ओतून दिले आणि तिच्याजवळ उकिडवा बसला. 'दा' म्हणून त्याने पाणी दाखवले. 'बुलुम' म्हणून मिठाची पुडी उचलली आणि चमच्याच्या मध्यावर बोट ठेवले. साखरेची पुडी उघडून चिमूट तिच्या जिभेवर ठेवली आणि म्हणाला, 'तुरुई'. ती हसली. तिला एका क्षणात सर्व समजले. त्यात अवघड असे काही नव्हतेच.

मूल तगले. दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्राची गाडी आली, औषधे मिळाली, आणि आम्ही निघालो तेव्हा ते आईच्या कडेवर होते. शिबिराच्या अहवालात 'शिबिरार्थींनी ग्रामस्थांना जलसंजीवनीचे यशस्वी प्रात्यक्षिक दाखवले' असे नोंदले गेले. ते वाक्यही माझेच.

अमरावतीला परतल्यावर माझ्याने स्वस्थ बसवेना. ग्रंथालयात मी कोरकूंविषयी मिळेल ते वाचू लागलो. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात, जो १९०६ साली निघाला, त्यांची भाषा मला सापडली. ती मराठीची बोली नाही, हिंदीचीही नाही. ती मुंडा कुळातील आहे. तिच्या सख्ख्या बहिणी संथाळी आणि मुंडारी शेकडो कोस पूर्वेला, छोटा नागपूरच्या पठारावर आणि संथाळ परगण्यात बोलल्या जातात. संथाळीतही सहाला 'तुरुय' आणि दहाला 'गेल' म्हणतात. 'कोर' म्हणजे माणूस आणि 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय; तेव्हा कोरकू याचा अर्थ 'माणसे' एवढाच. ज्या मुलाला डोके नव्हते, त्याच्या तोंडी सातपुड्यापासून संथाळ परगण्यापर्यंत पोहोचणारे शब्द होते.

आम्ही पाच-सहा मित्रांनी मग मंडळ काढले नाही, पण मंडळासारखे काम सुरू केले. सुट्ट्यांमध्ये मी दोनदा त्या गावी गेलो. मुलगा सांगे आणि मी लिही. पाणी, मीठ, ताप, जुलाब, चमचा, आज, उद्या, किती वेळा, कोठे दुखते. आरोग्य केंद्रात आणि शाळेत नव्याने येणाऱ्या माणसाला पहिल्या दिवशी लागतील असे शब्द. जंगलातील, देवांचे, गाण्यांचे शब्दही तो उत्साहाने सांगत असे. ते मी बाजूला ठेवले. वही भरली तेव्हा मी स्वतः लोखंडी लेखणीने मेणकागद कोरला आणि चाळीस प्रती काढल्या.

त्याच प्रतींपैकी एक घेऊन आम्ही एका कार्यालयात निवेदन द्यायला गेलो. पहिलीदुसरीच्या मुलांना आधी त्यांच्या भाषेतून शिकवावे, एवढीच मागणी होती. १९५६ च्या घटनादुरुस्तीने आलेल्या ३५०-क या अनुच्छेदात भाषिक अल्पसंख्य समाजांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असे म्हटले आहे, तो मी पाठ करून गेलो होतो. साहेबांनी ऐकून घेतले. मग पुस्तिका चाळून विचारले, "या बोलीला लिपी आहे का?"

"देवनागरीत लिहिता येते, साहेब. आम्ही लिहिलीच आहे."

"देवनागरी तर आपली झाली. यांची कोणती?"

मला उत्तर सुचले नाही. जिना उतरताना सुचले, आणि तेव्हापासून ते मी प्रत्येक वर्गाला सांगत आलो आहे. मराठी तरी अशी कोणती लिपी घेऊन जन्माला आली? शतकानुशतके आपला रोजचा कारभार मोडीत चालला आणि पोथ्या देवनागरीत लिहिल्या गेल्या. ती देवनागरी संस्कृतची, हिंदीची, नेपाळीचीही आहे. लिपी हा भाषेचा अंगरखा आहे. अंगरखा नसला म्हणजे माणूस नसतो असे नाही.

आणखी एक उत्तर त्याच जिल्ह्यात होते. रिद्धपूर आमच्या गावापासून दूर नव्हते. तेराव्या शतकात तेथेच महाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी माणसामाणसाला विचारून गोळा केल्या आणि 'लीळाचरित्र' सिद्ध केले. त्याच पंथात नागदेवाचार्यांनी संस्कृतात लिहू पाहणाऱ्या पंडित शिष्याला अडवले होते, कारण तसे झाले तर पंथातील म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील. हा प्रसंग आम्ही मराठीचा अभिमान म्हणून परीक्षेत लिहीत असू आणि त्याला गुण मिळत. पण त्या प्रसंगात अभिमान कोठे आहे? त्यात चुलीजवळ बसलेल्या बाईला समजेल का, एवढीच चिंता आहे. सातशे वर्षांपूर्वी जी चिंता आपल्या भाषेच्या बाजूने उभी राहिली, तीच आज दुसऱ्या कोणाच्या तरी भाषेच्या बाजूने उभी करायची, तर आपण लिपी विचारतो. त्या काळी मराठी ज्या जागी उभी होती, तेथे मेळघाटात कोरकू उभी आहे. आणि मराठी बोलणारा मी तेथे पंडित होतो.

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात आमच्या महाविद्यालयाने 'कोरकू नृत्य' सादर केले. भाड्याचे पोशाख, ध्वनिफीत, आणि नाचणाऱ्यांत कोरकू एकही नाही. टाळ्या खूप पडल्या. संस्कृतीच्या बाजूने बोलणे तेवढ्यापुरते फार सोपे असते. रंगमंचावर तिची भाषा समजण्याची गरज कोणालाच पडत नाही.

आता त्या ओळीकडे येतो.

१९८८ च्या होळीला उरलेल्या प्रती घेऊन मी गावी गेलो. मेळघाटात होळी हा मोठा सण. फगव्यासाठी मुले-माणसे रस्त्यावर उभी राहून गाड्या अडवतात, गातात, नाचतात आणि पैसे मागतात. आमची एस.टी. अडवणाऱ्यांत तोही होता. मला ओळखून तो बसमागे धावत गावापर्यंत आला. मी पिशवीतून एक प्रत काढून त्याच्या हातात दिली. त्याने ती उलटीसुलटी करून पाहिली, वास घेतला. मग मला विचारले, "इसमें मेरा नाम कहाँ है?"

त्याचे नाव त्यात नव्हते. एकही शब्द त्याच्यावाचून मला मिळाला नव्हता, पण मेणकागद कोरताना ते लिहावे हे माझ्या मनातही आले नाही. मी विसरलो असे म्हणणेही खरे नाही; विसरायला आधी आठवावे लागते. तो समोर उभा होता. दोन्ही हातांत पुस्तिका धरून, शाळेत हसला होता तसाच मोकळा हसत. त्याला वाचता येत नव्हते, हे मला माहीत होते. मी वाकलो, 'संकलन' या शब्दापुढील नावावर बोट ठेवले आणि म्हणालो, "हे बघ. हे तुझं नाव."

त्याने त्या अक्षरांवरून सावकाश बोट फिरवले. एकदा, आणि पुन्हा एकदा. नंतर माझ्या हातातल्या प्रतींकडे बघून म्हणाला, "सबमें है?" मी "हो" म्हटले. तेव्हा त्याने मला आपली प्रत परत दिली आणि दुसरी मागून घेतली. पहिली तुम्ही ठेवा, त्यावर मी हात लावला आहे, असे काहीसे तो म्हणाला. ती ही खणातली प्रत. मी रंगवलेल्या फलकावर 'मी नव्हे, तुम्ही' असे होते. त्या दिवशी मी स्वतःच्या नावावर बोट ठेवून 'तू' म्हणालो.

त्यानंतर परीक्षा आली, पुढे नागपूरला शिकायला गेलो, नोकरी लागली. १९९३ मध्ये मेळघाटातील बालमृत्यूंच्या बातम्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर आल्या. कुपोषण, दारिद्र्य, पावसाळ्यात तुटणारे रस्ते, अशी तेथील दुःखाची कारणे अनेक आहेत. भाषा हेच कारण असे म्हणण्याचा भाबडेपणा मी करणार नाही. पण प्रत्येक बातमी वाचताना मला त्या दोन पुड्या दिसत. कोणी तरी कोणाला तरी मराठीत समजावून सांगत असेल, आणि समोरची आई मान हलवीत असेल.

पुढे काही गोष्टी बदलल्या. २००३ च्या घटनादुरुस्तीने संथाळीला आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. कोरकूला ते मिळालेले नाही. २०११ च्या जनगणनेत कोरकू ही मातृभाषा सांगणारे सव्वासात लाखांच्या घरात होते. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले. २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा मी पेढे वाटले आणि मनापासून वाटले. पेढे वाटताना मनात आले, की अभिजात भाषेच्या माणसाला आता 'तुमची लिपी कोणती' असे दुसऱ्याला विचारण्याचा मोह अधिक होईल.

मी विद्यार्थ्यांना घेऊन अनेकदा मेळघाटात गेलो. त्यांना माझी एकच अट असे : ज्याच्याकडून शब्द घ्याल, त्याला विचारून त्याचे नाव आधी लिहा, मग शब्द लिहा; आणि जे लिहिले ते त्याला वाचून दाखवा, खरे तेच वाचून दाखवा. ही अट मी का घालतो, हे त्यांना कधी सांगितले नाही. त्या गावीही गेलो. तो भेटला नाही. कोणी म्हणाले परतवाड्याकडे वीटभट्टीवर होता, कोणी म्हणाले मध्य प्रदेशात गेला. त्याचे नाव येथेही मी लिहिलेले नाही. तेव्हा ते लिहायला हवे होते; आता त्याला विचारल्यावाचून ते छापण्याचा मला अधिकार नाही.

तो आज पन्नाशीला टेकला असेल. तो पुढे वाचायला शिकला असावा, असे मला मनापासून वाटते. त्या सर्व धडपडीचा हेतू दुसरा काय होता? मात्र तो शिकला असेल आणि ती प्रत त्याने जपून ठेवली असेल, तर एके दिवशी त्याने ती उघडली असेल. ज्या अक्षरांवरून लहानपणी बोट फिरवले, ती त्याने एकेक जोडून वाचली असतील.

त्याला वाचता यावे, हीच माझी इच्छा आहे. त्याने ते वाचले असेल, याची भीतीही मलाच आहे. या दोन्ही गोष्टी मी एकाच खणात ठेवल्या आहेत. दोन पुड्यांसारख्या, वरून सारख्याच दिसणाऱ्या.